नावातली साखर

आमच्याकडे 'शुगर' हा शब्द गोडाचा राहिलेला नाही. खान्देशात काय किंवा उर्वरित महाराष्ट्रात काय, 'त्यांना शुगर आहे' असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात साखर येत नाही. पथ्य येते, गोळ्या येतात, पायाच्या अंगठ्याची न भरणारी जखम येते. परभाषेतून आलेला शब्द आपला मूळ अर्थ वेशीवर ठेवून गावात शिरतो, ही गोष्ट भाषाविज्ञान शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. परंतु २०२२च्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून एक उभा पिंजरा घेऊन सोनगीरच्या घरी आला आणि आतल्या दोन जिवांना 'शुगर ग्लायडर' म्हणतात असे त्याने आजीला सांगितले, तेव्हा तिने जे विचारले ते मी पुढे वर्गात उदाहरण म्हणून अनेकदा वापरले. 'यास्ले बी शुगर शे का?' यांनाही मधुमेह आहे का?

पुतण्या हसला. आईने ते विनोदाने विचारलेले नव्हते. तिला स्वतःला पंधरा वर्षांपासून शुगर आहे, आणि गोड हे ज्याच्या नावातच आहे त्याला गोड चालते की नाही, ही शंका तिच्या दृष्टीने सरळ होती. पुढच्या काही महिन्यांत तिचा प्रश्न फार नेमका ठरला. या प्राण्याच्या खाण्याविषयीचे बहुतेक गैरसमज त्याच्या नावातल्या त्या एका शब्दापासून सुरू होतात, असे माझे आता मत झाले आहे.

प्राणी दिसतो खारीसारखा, पण खारीशी त्याचे नाते नाही. तो कांगारूच्या गोत्रातला, शिशुधान. पिल्लू जेमतेम सोळा दिवसांत जन्मते आणि पुढचे दोन महिने आईच्या पोटावरच्या पिशवीत काढते. पूर्ण वाढ झालेल्याचे वजन शंभर ते दीडशे ग्रॅम. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा एक पडदा असतो; तो ताणला की हा जीव एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पन्नास मीटरपर्यंत तरंगत जाऊ शकतो. दिवसभर झोप, रात्रभर जाग. नराच्या डोक्यावर मधोमध केस नसलेला एक ठिपका असतो. तेथे गंधग्रंथी आहे. आईने त्याला टिळा ठरवले आणि नर माळकरी असल्याचा निर्वाळा दिला. (त्याच्या खाण्यात काय काय येते हे कळल्यावर तिला हा निर्वाळा मागे घ्यावा लागला, त्याविषयी पुढे.)

मूळ मुलूख ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी. ऑस्ट्रेलियातून जिवंत देशी प्राण्यांची व्यापारी निर्यात कायद्याने बंद आहे. अमेरिकेत घरोघरी पाळल्या गेलेल्या ग्लायडरांचे मूळ जनुकीय तपासणीत न्यू गिनीच्या पश्चिम टोकाकडे सापडले. २०२०मध्ये तर ऑस्ट्रेलियातल्या ज्याला एकच जात समजत होते त्याच्या तीन जाती आहेत असे संशोधकांनी दाखवले. म्हणजे आपण 'शुगर ग्लायडर' म्हणतो तेव्हा नेमके कोणाविषयी बोलतो, हेदेखील पुरते ठरलेले नाही. नाव एक आणि नाव वाहणारे अनेक, ही स्थिती साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नसावी.

पुतण्याला पुण्यात खोली बदलावी लागली, नव्या घरमालकाला प्राणी नको होते, म्हणून पिंजरा सोनगीरला राहिला. धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की मुंबई–आग्रा महामार्गावर किल्ल्याची टेकडी दिसते, तिच्या पायथ्याचे हे गाव. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी एकेकाळी सगळ्या खान्देशात त्याचे नाव होते. आजही काही घरांतून ठोके ऐकू येतात. आईने पहिल्याच दिवशी माळ्यावरून एक इवलीशी पितळी वाटी काढून पिंजऱ्यात ठेवली. ती दुसऱ्या दिवशी बाहेर आली, कारण कल्हई उडालेल्या पितळेत आंबटगोड फळ ठेवले की ते कळकते, हे आमच्या गावाला कोणी शिकवण्याची गरज नाही, आणि आता कल्हईवाला दारावर येत नाही. वाटी स्टीलची आली. त्या वाटीत काय पडावे हा मात्र प्रश्न होता.

विकणाऱ्याने पुतण्याला एक कागद दिला होता. त्यात लिहिले होते की हा प्राणी गोडाचा शौकीन आहे, फळे द्यावीत, मध द्यावा, केळे फार आवडते. केळे! जळगाव जिल्ह्याच्या शेजारी राहणाऱ्यांना याहून सोपे काय असणार? रावेर-यावलकडची केळी आमच्या घरी डझनाने नव्हे, फणीने येतात. आणि त्याच केळ्यावर आईला बंदी होती. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पथ्याच्या तक्त्यात केळे, चिकू, द्राक्षे, आंबा या चार शब्दांखाली तांबडी रेघ होती. ती रोज संध्याकाळी एक केळे सोलायची, काप करायची आणि त्या दोघांना भरवायची. स्वतःच्या तोंडचे काढून दुसऱ्याला देण्यात तिला एक प्रकारचे समाधान होते, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसे. मादी तिच्या बोटाला दोन्ही हातांनी धरून खाई. तिचे हात अगदी माणसासारखे. पाहणाऱ्याला भूल पडावी असे.

हे समाधान कोठून आले? मला वाटते, आपल्याकडे मुक्या जिवाला खाऊ घालण्याची जी मोठी परंपरा आहे ती देणाऱ्याच्या बाजूने विचार करते. गायीला घास, कावळ्याला पिंड, मुंग्यांच्या वारुळाशी चिमूटभर साखर. मुंगीला साखर घालणाऱ्याला मुंगीच्या पोटाची चौकशी करावीशी वाटत नाही; साखर ही आपल्या घरातली मोलाची वस्तू, ती दिली की दान घडले. दानाची किंमत दात्याच्या त्यागावरून ठरते. पोषणाची किंमत खाणाऱ्याच्या हाडांवरून ठरते. या दोन हिशेबांचा ताळा क्वचितच जुळतो.

अपवाद आहेत, आणि ते अभिजात साहित्यातच आहेत. 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकात पतिगृही निघालेल्या शकुंतलेचा पदर ओढणारे हरिण आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. कण्व सांगतो, त्याच्या तोंडाला दर्भाची जखम झाली तेव्हा तू इंगुदीचे तेल लावलेस आणि मुठीमुठीने श्यामाक घालून त्याला वाढवलेस. श्यामाक म्हणजे सावा, गवताच्याच कुळातले बारीक धान्य. आश्रमकन्या हरिणाला खीर घालत नाही. जे त्याला रानात मिळाले असते त्याच्या जवळचे काही देते. मला हा तपशील शृंगाराच्या वर्णनांपेक्षा अधिक काळ लक्षात राहिला आहे. उलट बाणभट्टाच्या 'कादंबरी'तला पोपट पाहा. अंतःपुरात काही मनाजोगे खाल्लेस का, असे राजा विचारतो, आणि वैशंपायन जांभळाचा रस, डाळिंबाचे दाणे, आवळे अशी यादी उपमांसकट ऐकवतो. ही यादी दरबाराची आहे, पोपट केवळ तिचा वक्ता. आपल्या घरांतून टांगलेल्या राघूंच्या पिंजऱ्यात पेरूची फोड, हिरवी मिरची आणि भिजवलेली डाळ पडत राहिली ती याच दरबारी वळणाने. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पाळणे गुन्हा ठरले. पिंजरे रिकामे झाले नाहीत, त्यांत परदेशी जीव आले. विदेशी प्राण्यांची हौस ही त्या अर्थाने जुन्याच हौसेची नवी आवृत्ती आहे.

असो. २०२३च्या फेब्रुवारीत मादीचे मागचे पाय ओढू लागले. आधी ती दोरीवरून घसरली. मग उडी मारेनाशी झाली. मग एका संध्याकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पुढच्या दोन हातांवर अंग ओढत वाटीकडे येताना दिसली. वाटीत केळे होते आणि ते तिने खाल्ले. पुतण्या रात्रीच्या गाडीने आला. धुळ्यात गायीगुरांचे, कुत्र्यामांजरांचे डॉक्टर आहेत. पिशवीवाल्या प्राण्याचा क्ष-किरण वाचणारे मिळेनात. शेवटी दूरच्या शहरातल्या एका पशुवैद्याकडे तिला नेले. काचेवर लावलेल्या चित्रात तिची हाडे जवळजवळ दिसत नव्हती. हाड जितके भरीव तितके ते पांढरे उमटते. तिचे सगळे अंग राखाडी होते.

त्या पशुवैद्यांनी जे समजावले ते थोडक्यात असे. हाडे कॅल्शियम आणि फॉस्फरस यांच्या संयुगाची बनतात, पण खाण्यात या दोहोंचे प्रमाण राखले गेले पाहिजे: कॅल्शियम दीड ते दोन भाग, फॉस्फरस एक भाग. फॉस्फरस जास्त झाला की रक्तातले कॅल्शियम उतरते. रक्तातले कॅल्शियम हृदयाला आणि स्नायूंना क्षणोक्षणी लागते, म्हणून शरीर थांबत नाही. मानेतल्या परावटू ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम उपसले जाते. रक्ताचा हिशेब जुळतो, हाडे दिवाळखोर होतात. शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या जिवात ठेव ती किती असणार? केळ्यात कॅल्शियमच्या दोन ते चार पट फॉस्फरस असतो. द्राक्षात, सफरचंदात तसेच. नावातली साखर बघून नुसत्या फळांवर ठेवलेले ग्लायडर जगभर याच वाटेने लंगडे होतात. हा त्यांचा सर्वांत ओळखीचा आजार आहे.

घरी परतल्यावर मी जो वाचनाचा उद्योग केला त्याची सुरुवात 'मग हा रानात खातो काय' या प्रश्नापासून केली. उत्तर वाचून मी खरोखर थबकलो. हा प्राणी रानात मुख्यतः डिंक खातो. बाभळीच्या कुळातल्या झाडांची साल खालच्या लांब दातांनी कोरतो आणि पाझरणारा डिंक चाटतो. निलगिरीच्या खोडाला खाचा पाडून रस पितो. पानांवर रस शोषणारे किडे जो चिकट गोडवा टाकतात तो खरवडतो. फुलोऱ्यात मध आणि पराग. ऋतू बदलला की किडे, पतंग, कोळी. डिंक पचवणे सोपे नाही. त्यासाठी त्याच्या आतड्याला एक मोठी आंधळी पिशवी असते आणि तिच्यात सूक्ष्मजीव डिंक आंबवतात. पिकलेले फळ त्याच्या रानात नित्याचे नाहीच. म्हणजे नावातली ती 'शुगर' झाडाची आहे, फळाची नव्हे. आणि झाडाच्या त्या पाझरात गोडीबरोबर खनिजे येतात. बाभळीचा डिंक हा रसायनशास्त्राच्या भाषेत बऱ्याच अंशी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांचा क्षार आहे.

येथे एक विषयांतर करतो, कारण ते नावांविषयीचे आहे. 'अकेशिया' हे नाव ग्रीकांनी इजिप्तमधल्या एका काटेरी झाडाला दिले होते; ते झाड म्हणजे आपली बाभूळ. पुढे या नावाखाली शेकडो जाती जमा झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य ऑस्ट्रेलियातल्या. वनस्पतिशास्त्रज्ञांनी प्रजाती फोडायची ठरवली तेव्हा मूळ नाव कोणाकडे राहणार हा वाद झाला. २००५मध्ये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ते ऑस्ट्रेलियन झाडांकडे राखण्याचे ठरले, २०११मध्ये मेलबर्नला ते कायम झाले, आणि नावाची मूळ मालकीण असलेली बाभूळ 'वॅचेलिया' झाली. तोवर ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि निलगिरी महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाच्या खड्ड्यांतून उगवून रुळली होती. ग्लायडरची झाडे त्याच्या आधी येथे पोहोचली होती. नंतर तो आला, पिंजऱ्यातून, आणि त्याच्या वाटीत केळे पडले.

आता चौरस आहाराचा प्रश्न. 'चौरस' हा आपला शब्द मला 'संतुलित'पेक्षा अधिक आवडतो. तराजू हलत राहतो. चौरसाला चार बाजू लागतात आणि एक काढली तर आकृतीच उरत नाही. पशुवैद्यांनी दिलेली पाककृती 'लेडबीटर' या नावाने ओळखली जाते. लेडबीटर पॉसम हा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातला, ग्लायडरसारखाच डिंक आणि किडे खाणारा प्राणी. तो नामशेष झाला असे लोक समजून बसले होते, १९६१मध्ये तो पुन्हा सापडला. त्याच्या नावाचे हे मिश्रण असे: दीडशे मिलिलिटर कोमट पाणी, तितकाच मध, एक उकडलेले अंडे, पंचवीस ग्रॅम लहान मुलांसाठीचे प्रथिनयुक्त तृणधान्याचे पीठ, आणि चमचाभर जीवनसत्त्वे व खनिजांची भुकटी. सारे घुसळून बर्फाच्या साच्यात गोठवायचे, रोज थोडे द्यायचे. हा आहाराचा निम्मा भाग. उरलेल्यात किडे, पाला, थोडे फळ. सगळे एकजीव करून देणे महत्त्वाचे, कारण ग्लायडर हा अत्यंत निवडखोर जीव आहे. वाटीत पाच वस्तू वेगवेगळ्या ठेवल्या तर तो गोड तेवढे उचलतो आणि बाकीचे सांडतो. आपण वाढलेला आहार आणि त्याने खाल्लेला आहार यांत मोठे अंतर पडते. पाठ्यक्रम आखणाऱ्यांना हे सांगायला नकोच.

पाककृती कागदावर सोपी होती. अडचण घराची होती. आमच्या घरात अंडे येत नाही. आईच्या गळ्यात माळ आहे. प्रश्न अंगणात सुटला: मागच्या दाराशी तीन विटांची चूल, एक जुने ॲल्युमिनियमचे पातेले, आणि ते काम वहिनीने उचलले. आई तेवढा वेळ समोरच्या ओट्यावर जाऊन बसे. पण किड्यांचे काय? शेतातले नाकतोडे आणायला पोरे तयार होती. पुतण्याने नाही म्हटले आणि ते बरोबरच होते. आमच्या शिवारात कपाशी आहे आणि कपाशीवर किती फवारण्या होतात हे सर्वांना माहीत आहे. फवारलेल्या पिकावरचा नाकतोडा शंभर ग्रॅमच्या जिवाला विषच. म्हणून मग मीलवर्म आले. हे धान्यात राहणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अळ्यांचे इंग्रजी नाव. प्लास्टिकच्या डब्यात गव्हाचा कोंडा घालून त्या वाढवतात. जिने साठ वर्षे परातीत धान्य पसरून अळ्या आणि सोंडे वेचून बाहेर टाकले, तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे अळ्यांना कोंडा घालून वाढवले जाऊ लागले. तिने यावर काही भाष्य केले नाही. फक्त गव्हाची कोठी तिने दुसऱ्या खोलीत हलवून घेतली.

अळ्यांतही एक मेख आहे. प्रथिने भरपूर, पण कॅल्शियम नगण्य आणि फॉस्फरस कितीतरी पट. म्हणून देण्यापूर्वी त्यांना एक दिवस हिरवा पाला खाऊ घालायचा आणि वर कॅल्शियमची भुकटी भुरभुरायची. म्हणजे खाण्याच्या खाण्याचाही विचार करायचा. पाला कोणता, हे शोधताना हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे जुने तक्ते उपयोगी पडले. शंभर ग्रॅम शेवग्याच्या पानांत ४४० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि फक्त ७० मिलिग्रॅम फॉस्फरस. शेवगा आमच्या परसात उभा होता. त्याच्या शेंगा तेवढ्या खाल्ल्या जात. फळांत केळ्याच्या जागी पपई आणि अंजीर आले. दोहोंत कॅल्शियमचे पारडे जड आहे, आणि शहाद्याकडची पपई आमच्या बाजारात केळ्याइतकीच सहज मिळते.

'लहान मुलांसाठीचे तृणधान्याचे पीठ' या शब्दांपाशी मात्र सगळे अडले. दुकानातला डबा महाग, त्यात साखर घातलेली. येथे आई प्रथमच या प्रकरणात स्वतःहून पडली. तिच्या पथ्याच्या तक्त्यात 'ओट्स' आणि 'सॅलड' असे शब्द होते, आणि ते तिने पंधरा वर्षांपूर्वीच आपल्या भाषेत आणून ठेवले होते: ओट्सच्या जागी कळण्याची भाकरी, सॅलडच्या जागी मुळा, गाजर आणि मेथीचा घोळाणा. डॉक्टरांनी त्याला मान्यता दिली होती. तिने बाळाच्या पिठाचेही तसेच केले. नाचणीचे सत्त्व, ती म्हणाली. भावंडांना तेच दिले होते. नाचणी खान्देशातली नव्हे, पण सत्त्वासाठी ती घरात येते. तक्ता पाहिला: नाचणीत ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम, २८३ फॉस्फरस. ज्वारी, बाजरी, गहू यांत फॉस्फरस कितीतरी जास्त; सगळ्या तृणधान्यांत हे एकच असे उलट्या पारड्याचे. पशुवैद्यांनी फोनवर होकार दिला. भाषांतरात शब्द बदलला तरी कार्य टिकले पाहिजे, एवढेच काय ते सूत्र, आणि ते तिने कोणत्याही सिद्धान्ताशिवाय पाळले.

आणि मग डिंक. रानातल्या खाण्याची बातमी मी तिला सांगितली तेव्हा ती उठली, फडताळातून एक डबा काढला आणि उघडून माझ्यापुढे धरला. सातपुड्यातून आलेला बाभळीचा डिंक, लाडवांसाठी ठेवलेला. बाळंतिणीला आपल्याकडे डिंकाचे लाडू का देतात, हे त्या वेळी तिच्या बोलण्यातून निघाले: हाडे निघतात बाईची, ती भरायला. या लोकसमजुतीचे शास्त्रीय मोल किती हे मी सांगू शकत नाही. लाडवात खारीक, खोबरे, खसखस, तूप असते, आणि एकट्या डिंकाला श्रेय देणे बरोबर नव्हे. मादीच्या बाबतीतही तसेच. तिला कॅल्शियमचे द्रावण, ड जीवनसत्त्व आणि दोन महिने बुटक्या पिंजऱ्यातली सक्तीची विश्रांती मिळाली. जे काही झाले ते मुख्यतः त्यामुळे झाले. पण डिंकाचा खडा पिंजऱ्यातल्या फांदीच्या खाचेत दाबून बसवला त्या रात्री जे दिसले ते वेगळे होते. मिश्रण ती भुकेने खाई. डिंकापाशी ती काम करीत होती. खालच्या दातांनी खरवडणे, थांबणे, चाटणे, पुन्हा खरवडणे. तास-दीड तास. नर तिच्या शेजारी येऊन लागला. हा आवाज, कोरड्या लाकडावर नख ओढल्यासारखा, त्या घरात पूर्वी कधी ऐकू आला नव्हता.

आहाराच्या तक्त्यात हे बसत नाही. मिलिग्रॅम मोजता येतात. मिळवण्यात गेलेला वेळ कोणत्या रकान्यात लिहायचा? रानात त्याची रात्र अन्न मिळवण्यात जाते. वाटीतले अन्न दहा मिनिटांत संपते आणि उरलेली रात्र पिंजऱ्यात काढायची असते.

म्हणूनच, असा प्राणी पाळावा का, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: पाळू नये. मे महिन्यात आमच्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. तिशीच्या पुढे गेले की या जिवाला धाप लागते. ओल्या गोणपाटाचे पडदे आणि कूलर यांवर त्याचे दोन-तीन महिने निघतात, आणि वीज गेली की सगळे घर आधी त्याच्याकडे धावते. दहा-बारा वर्षांचे त्याचे आयुष्य असते. विकणाऱ्याच्या कागदावर यातले काही नव्हते. पण हे मत पुढच्या माणसाच्या कामाचे. जे दोन घरात आहेत त्यांना ते सांगून उपयोग नाही. त्यांना रात्री आठ वाजता वाटी लागते.

या सगळ्यात अवघड गोष्ट कोणती होती असे कोणी विचारले, तर अंडे नव्हे, अळ्याही नव्हेत. आईच्या हातून केळे काढून घेणे. पुतण्याने तिला क्ष-किरणाचे चित्र दाखवले, हिशेब समजावला, तिने सगळे ऐकले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा केळे सोलले. 'इतलंसं देस', ती म्हणाली, इतके एवढेसे देते. अज्ञानाचा हा प्रश्न नव्हता. मादी तिच्या बोटाला धरून खाते आणि चमच्याने दिलेल्या त्या करड्या मिश्रणाकडे पाठ फिरवते. जिला स्वतःला नाही म्हणावे लागते तिने आता दुसऱ्यालाही नाही म्हणायचे, हे तिला कठीण गेले. तिच्या बाजूने विचार केला तर ते साधे आहे. घरात दोघींना शुगर, आणि दोघींचे पथ्य आता तिनेच सांभाळायचे.

शेवटी तोडगा तिनेच काढला. केळे नखाएवढे, आठवड्यातून एकदा, आणि तेही मिश्रण संपल्यावर. बाकी दिवशी ती बोटाच्या टोकाला डिंकाचे पाणी लावते. मादी तिचे बोट धरून ते चाटते. दोघींचेही तक्ते वहिनीने फ्रिजच्या दारावर शेजारी शेजारी लावले आहेत. आईच्या तक्त्यात उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, मादीच्या तक्त्यात वजन. वजन दर सोमवारी गावातल्या सोनाराकडून आणलेल्या जुन्या काट्यावर होते. फेब्रुवारीत ते ८१ ग्रॅम होते, दिवाळीपर्यंत १०६ झाले आणि तेव्हापासून शंभराच्या आसपास राहिले आहे. मागचा डावा पाय आत वळलेलाच राहिला. ती चढते, दोरीवरून चालते. उडी मात्र मारत नाही. नर खोलीच्या एका टोकापासून पडद्याच्या दांडीपर्यंत तरंगत जातो, आणि ती फांदीवर बसून त्याच्याकडे पाहते.

पुतण्याला आता नोकरी आहे, स्वतःची खोली आहे. तो दोघांना घेऊन जायचे म्हणतो. आईने अजून हो किंवा नाही म्हटलेले नाही. गेल्या आठवड्यात तिने डिंकाचा डबा उघडून पाहिला. तळाशी चारसहा खडे उरले होते, तेही धावड्याचे. बाजारात सातपुड्याकडची जी बाई डिंक घेऊन बसते तिला तिने निरोप धाडला आहे, की बाभळीचा असेल तरच आण.